हेही पाहा

ग्रिम्झबीच्या वाचनालयात मला काम मिळालं ते
कार्डं फेकायचं.
बहात्तर खण, ओकचे, पितळी मुठींचे.
ग्लेन म्हणाला, सगळं संगणकावर आहे आता,
तू फक्त काळ्या पिशव्या भर, लाकूड विकू.
एजन्सीचं काम, तासावर पैसे.
खिडकीतून गोदीचा वास यायचा.
वेंगुर्ल्याच्या माणसाला त्या वासाचं भाषांतर लागत नाही.

तिसऱ्या दिवशी एक कार्ड हाताला लागलं:

      दिवा, स्वयंपाकघरातला.
      पाहा: वाट बघणे. पाहा: मीटरमधली शिलिंगं.
      पाने: अकरा हिवाळे.

असं पुस्तक संगणकात नव्हतं, मांडणीवर नव्हतं.
मग अजून एक. टाइपरायटर तोच,
ज्याचं ई अक्षर ओळीतून जरा वर उडतं.

      केनेथ.
      पाहा: ट्रॉलर. पाहा: आइसलंडकडची बाजू.
      हेही पाहा: आईला न आवडलेली माणसं.

      हातमोजा, लोकरीचा, एकच.
      आकार पुरुषी. दुसरा अजून सुयांवर.

मिस हिल्डा थर्लबी, एकोणचाळीस वर्षं सूचिकार.
कोणाशी बोलत नसत म्हणे.
त्यांनी कादंबरी लिहिली ती अशी,
खऱ्या पुस्तकांच्या मधे एकेक कार्ड सारून.
प्रकरणं नाहीत, खण.
कोणी कोंबड्या पाळायचं पुस्तक शोधायला यावं
आणि त्याच्या बोटांना ओली दोरी लागावी.

दोनशे चौदा कार्डं मी जेवणाच्या पिशवीतून घरी नेली.
चोरी म्हणा.
कुठून वाचायची? कुठूनही.
एकदा मागून वाचली: तो पाण्यातून वर येतो,
कोरडा कोरडा होत जातो,
शेवटी तिला अजून भेटलेलाही नसतो.
एकदा पत्त्यांसारखी पिसून.
एकदा नुसत्या 'पाहा'च्या मागे मागे गेले
आणि पहाटे चारला पुन्हा त्याच दिव्यापाशी.

सरळ वाचली तर मात्र त्यांची वर्णमाला निर्दय.
मरण डीमध्ये. परतणं आरमध्ये.
चौथ्या अक्षराला केनेथ बुडतो,
तेराव्याला लग्न
(तेराव्याला! हे हिल्डाबाईंना ठाऊक असायचं कारण नाही),
अठराव्याला बोट धक्क्याला लागते, त्याच्यावाचून.

मग मी कार्डं मराठीत उतरवली.
करायला दुसरं काही नव्हतं, बाहेर गारा पडत होत्या.
आणि बुटांच्या खोक्यांत लावली,
आपल्या क्रमाने.

प. परत येणे.
म. मरण.

पहिल्यांदाच तो घरी आला.
फ, ब, भ एवढा संसार झाला त्यांचा:
फुलकोबी, बशा, भांडण.
तिचीच कार्डं. मी एक शब्द वाढवला नाही.
बशी फुटली, ती भांडणाच्या आधी फुटली,
त्यामुळे भांडण कशावरून ते निदान कळलं.
मग म आला. तो मला थोपवता आला नाही.
त्यानंतर ल, लग्न,
कोणाचं ते मी विचारलं नाही.

हच्या हातमोज्यानंतर एक खोकं उरलं. ळचं.
ळने काही सुरू होत नाही.
शाळेत पाठक बाई 'ळ कमळातला' म्हणायच्या
आणि घाईने क्षकडे जायच्या.
वेळ, गाळ, काजळ:
पंगत उठताना पोचलेल्या पाहुण्यासारखा तो.
मला माझं काही लिहायचं झालं तर तिथेच बसेल,
पहिलं पान नसलेलं.

शेवटच्या शुक्रवारी ग्लेनकडून
बारा पौंडांना एक खण विकत घेतला.
रिकामा कशाला हवाय, त्याने विचारलं.
आतली सळी तरी काढून देऊ का, मोकळा होईल.
म्हटलं, राहू दे.
कार्डं सांडत नाहीत तिने.