मोजणी

जानेवारीची शेवटची रात्र, टकोमा शहर.
वर्षातून एकदाच मोजतात यांना, तेही पहाटे चारला,
जिथे झोपतात तिथेच सापडावीत म्हणून.
मला चमकतं जाकीट दिलंय, पाटी, पेन्सिल
(थंडीत पेन चालत नाही म्हणे)
आणि सोबतीला ऑर्विल, निवृत्त विमा एजंट,
ज्याचे गुडघे दर पायरीला बोलतात.

सूचना अशा होत्या:
झोपलेल्याला उठवू नका.
गाडीच्या काचा आतून धुरकट असतील
तर आत माणूस आहे असं धरा.
किती, ते कळलं नाही तर एक लिहा.
काचा स्वच्छ असतील तर गाडी रिकामी धरा.

पुलाखाली सात.
चर्चच्या मागच्या जिन्यात दोघं, एकाच रजईत.
ऑर्विल म्हणाला, एक धरू?
मी दोन लिहिले.
लाँड्रीच्या गरम हवेच्या झडपेपाशी एक,
बुटांच्या नाड्या मनगटाला बांधून.
पलीकडे नवा टॉवर, बावीस मजली,
निम्म्या खिडक्यांत कधी दिवाच लागत नाही.
ती गुंतवणूक आहे, ऑर्विलने समजावलं,
तिथे राहायचं नसतं.

मग मोठ्या दुकानाचं पार्किंग.
चौदा नंबरच्या दिव्याखाली एक निळी गाडी, काचा धुरकट.
दिव्याखाली अंधार असतो म्हणतात;
पण इथे दिव्याखालीच झोपावं लागतं,
अंधारात काच फोडतात.
मी एक लिहिणार, तेवढ्यात काच खाली आली
आणि दात घासता घासता जिने वर पाहिलं
ती वर्ना.

माझ्या वडिलांना शेवटचे चौदा महिने
जिने अंघोळ घातली ती वर्ना.
दाढी करताना आधी स्वतः गाल फुगवायची,
म्हणजे तेही फुगवतील.
अंगात तोच वृद्धाश्रमाचा गणवेश, बदकांच्या नक्षीचा,
दुसरा मागे हँगरवर, इस्त्री केलेला.

"पाचला माझी पाळी सुरू होते," ती म्हणाली,
"लवकर विचारा काय ते."

कायमचा पत्ता?
"खांब नंबर चौदा. पोस्टमन तेवढा येत नाही."

घर जाण्याचं कारण, एकच निवडा:
व्यसन. मानसिक आजार. घरगुती भांडण. बेरोजगारी. इतर.
वर्ना हसली. "नोकऱ्या तर दीड आहेत मला."
मग बोटं मोडत सांगत गेली:
नवऱ्याच्या मूत्रपिंडाचं बिल, तो गेल्यावरही येत राहिलेलं;
ते भरताना एकदा, एकदाच, थकलेलं भाडं;
मग इमारत विकली गेली, नव्या मालकाने जिना रंगवला
आणि महिन्याला साडेसहाशे डॉलर वाढवले;
मग नव्या घरासाठी तीन महिन्यांचं आगाऊ,
आणि दर अर्जाचे पन्नास, परत न मिळणारे.
असे अकरा अर्ज.
"यातलं कुठलं ते तुम्हीच ठरवा,
पेन्सिल तुमच्याकडे आहे."

ऑर्विल बुटांकडे बघत होता.
मी 'इतर'वर खूण केली.
पुढे लिहायला दोन इंच जागा होती.

"तुमच्या वडिलांच्या घराचं काय केलंत?
अंजिराचं झाड होतं ना मागे, सारखे सांगायचे."
विकलं, मी म्हणालो. मार्चमध्ये.
"बरं झालं. भाव चांगला आला असेल."
टोमणा नव्हता त्यात. खरंच विचारलं तिने.
मागितले त्याहून ऐंशी हजार जास्त आले होते,
पाच दिवसांत.
त्या रात्री आम्ही सगळी भावंडं बाहेर जेवायला गेलो,
वडिलांच्या आवडीचा मासा मागवला.
यातलं मी काहीच बोललो नाही.
हो, चांगला आला, एवढंच म्हणालो.

तिने चूळ भरली, गाडी सुरू केली.
हीटरच्या वाऱ्याने काच खालून वर
हळूहळू उजळत गेली,
रात्रभराचा तिचा श्वास
आधी कडांवर आला, मग तिथूनही गेला.

आता नियमाप्रमाणे
गाडी रिकामी धरायची.