पाचशे पत्ते

लायसन्स हाती आलं त्या आठवड्यात
माझा ब्रोकर, रॉस्को टिबिट्स, म्हणाला,
"वर्लीन, पोस्टाने पेर.
शंभर पाठव, एक उगवेल.
नाहीच उगवलं, तर पुन्हा शंभर."
आणि माझ्याच पेनने
टेबलाचं महिन्याचं भाडं लिहून घेतलं.

कुठे पेरायचं, ते मला ठाऊक होतं.
शाळेची बस नंबर चौदा,
ईरी गावाच्या पूर्व अंगाला, एकवीस वर्षं.
कुठल्या दारातून कोण डबा विसरून धावत सुटायचं,
सगळं पाठ.
कुणाचा किती कर थकलाय, तेवढं नव्हतं.
ते काउंटीच्या कचेरीत मिळालं, चाळीस डॉलरला:
मालक, खरेदीचं साल, बाकी.
माणसाची कुंडली, फक्त ग्रह वगळून.

जेवणाच्या टेबलावर पत्ते मांडले.
बावन्न नव्हेत, पाचशे.

"घर विकायचा विचार आहे का?"
नणंद म्हणाली, हे दातांच्या डॉक्टरचं कार्ड वाटतं.
मग छापखानेवाल्यानेच सुचवलं,
ज्याच्या त्याच्या कार्डावर ज्याचं त्याचं घर छापू,
रस्तोरस्ती फिरणाऱ्या कॅमेऱ्याच्या गाडीने टिपलेलं.
स्वतःचं घर कोणी कचऱ्यात टाकत नाही.
तिकिटासकट नव्वद सेंट एकाला.
म्हणजे साडेचारशे डॉलर.
म्हणजे गाडीचे हिवाळी टायर.

फेब्रुवारीत टाकली.
एकतीस परत आली, पिवळी चिकटपट्टी लावून.
एकाने फोनवर शिव्या घातल्या,
आवाज ओळखीचा, मागच्या सीटवरचा, डेल प्रुसाक.
मी म्हटलं, "डेल, खाली बस."
बसला असावा. फोन बंद झाला.

सतराव्या दिवशी एक लिफाफा.
इर्मा लुबाश, मोडकं, तिरकं अक्षर:
"घर विकायचं नाही.
तुमच्या चित्रात शिडीवर जो माणूस आहे
तो माझा नवरा. पन्हळीतली पानं काढतोय.
त्याचा चेहरा पुसट का केलात?
शिडी नेहमी मी धरायचे.
त्या दिवशी चित्रात मी का नाही, आठवत नाही.
आणखी दोन प्रती मिळतील का?"
सोबत दोन डॉलर, घडी घातलेले.

मी ते कार्ड पहिल्यांदा पाहिलं.
पाचशे छापून घेतली होती,
पाहिलं एकही नव्हतं.

रॉस्को म्हणाला, "उत्तर आलं म्हणजे माती ओली आहे.
यादीत राहू दे. सहा महिन्यांनी पुन्हा."

छापखान्यात विचारलं, चेहरा उघडता येईल का.
नाही येत. गाडीवालेच तसा देतात.
मग मोठ्या कागदावर दोन प्रती काढल्या,
घर, शिडी, पन्हळ,
आणि चेहऱ्याच्या जागी धुक्याचा गोळा.
"विकायचं आहे का" काढून टाकलं.
मागे, खालच्या कोपऱ्यात,
माझा नंबर मात्र राहू दिला, बारीक अक्षरात.
खोटं कशाला बोलू.

दोन डॉलर अजून ड्रॉवरमध्ये आहेत.
मार्चचे पत्ते आलेत.
बाहेर सरोवरावरून बर्फ येतोय,
आणि मी एकेक कार्ड दिव्याखाली धरून
शिड्या शोधतेय.