मेट्रिक

कोगनोळीच्या दूध संकलनात रात्रीचे सव्वानऊ.
फॅटच्या मशीनवर ओलं फडकं,
भिंतीकडं लिनक्सचा जुना डबा, त्याला दोन वाटा:
निपाणीहून आलेली पिवळी केबल,
आणि खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेला डोंगल.

सेक्रेटरी जोतीराम वठारे म्हणाले,
"दोन-दोन लाइनी हाईत की मॅडम,
मग एक बी का चालंना?"

गेटवेला हाक मारली. लगेच ओ दिली.
पलीकडच्याला मारली. गप्प.
मग वाट पावलापावलानं मोजायला घेतली:
पहिलं पाऊल, दोन मिलिसेकंद.
पुढं चांदणी, चांदणी, चांदणी,
तिसाव्या पावलापर्यंत नुसत्या चांदण्या.
"झ्याक दिसतंय," वठारे म्हणाले.
म्हटलं, पोचत नसलं की असंच दिसतं.

आयपी राउट. एन्टर.
डिफॉल्ट दोन. केबलीपुढं आकडा शंभर,
डोंगलपुढं सहाशे.
कमी आकडा ती चांगली वाट, असं यंत्र धरून चालतं.
आकडा कुणी टाकला, कधी,
ते विचारत नाही.
केबल ह्या टोकाला जिवंत होती, हिरवा दिवा लुकलुकत होता.
सौंदलग्याजवळ रस्त्याच्या कामात जेसीबीनं तोडली असेल,
दिव्याला त्याचं काय.

डोंगलला पन्नास दिले.
पिंग गेला, परत आला.
दुधाची नोंद मात्र जाईना.
अर्ध्या तासानं सापडलं: प्रोग्रॅमच्या फायलीत
केबलीचा पत्ता कुणीतरी हातानं कोरून ठेवलेला.
पाकीट निघतंय डोंगलमधनं,
पाठीवर पत्ता मेलेल्या वाटेचा.
उत्तर येणार कुठं?

वठारे पहिल्यांदा हसले.
"आमच्या सुप्रियाच्या दाखल्यागत.
अर्ज कागलात दिला, ते म्हणाले चिकोडीला जा,
चिकोडीत म्हणाले, हितला पत्ता कुठाय?
कॉलेज सुरू होऊन सरलं की वो तवर."

ती ओळ खोडली.
एकशे बेचाळीस खातेदारांचं संध्याकाळचं दूध
बेळगावकडं चाललं, म्हशीचं आधी,
लिटर, फॅट, एसएनएफ,
रखमा खोतांचे पावणेदोन लिटरसुद्धा.

तेवढ्यात वठाऱ्यांचा फोन वाजला:
महाराष्ट्रात आपले स्वागत आहे.
ते खुर्चीतून हललेही नव्हते.
"दिसातनं धा येळा येतंय," म्हणत
फोन पालथा घातला, ताकाचा पेला पुढं सरकवला.

मी वहीत लिहून ठेवलं: शंभर, पन्नास, तारीख.
केबल जोडली की आकडे परत फिरवायचे.
कोण फिरवणार,
ते लिहायचं राहिलं.