सावलीत सुकवणे

देवगडला सगळं उन्हात सुकतं.
जाळी, जवळा, दोरीवर टांगलेले बांगडे,
आमसुलं, खलाशांच्या लुंग्या,
शाळेच्या कठड्यावर उलटे ठेवलेले बूट.
फक्त हे नाही.
हे कार्ड सावलीत सुकवायचं असतं,
आडवं, कशाला न टेकता, निदान चार तास.
आमच्याकडे चाराचे सहा होतात.
मिठानं जड झालेली हवा
रक्तालाही लवकर सोडत नाही.

कार्डावर पाच वर्तुळं छापलेली.
सहा आठवड्यांची टाच मी तळहातात धरून ऊबवते,
मग टोचते.
पहिला थेंब पुसायचा. दुसऱ्यापासून धरायचं.
नावाच्या जागी लिहायचं:
हेमलता कोयंडे यांचे बाळ.

हेमलता बाकाच्या टोकाला.
मुठीत सिरपची चिकट बाटली, पदराखाली.
"सासयेक सांगलंय, काविळीचा रगत घेतत."
मग बराच वेळ काही नाही. बाहेर मासळीच्या टेम्पोचा हॉर्न.
मग: "बाई, माझ्याकडसून ह्येका गेला तर नाय मा?"

मी सांगते ते रोजचंच.
गोळ्या तू तिसऱ्या महिन्यापासून घेतल्यास, एकही चुकवली नाहीस.
(गणपतीत एक चुकली होती. तिनंच येऊन सांगितलं होतं, रडत.
मी वहीत लिहिली, आणि तिच्यासमोर विसरले.)
सहा महिने फक्त अंगावर पाज.
घुटी नको, मध नको, आत्यानं आणलेला डबा तर नकोच.
आणि जे तिला दर वेळी पटत नाही तेही सांगते:
दीड वर्षापर्यंत त्याच्या रक्तात तुझं रक्त बोलत असतं.
साधी तपासणी त्याला विचारेल, उत्तर तू देशील.
म्हणून हे कार्ड. हे तुला विचारत नाही.

लवूला कुणी कार्ड लावलं नव्हतं.
तेव्हा कार्डं नव्हती,
मीही नवीन होते, वही जाड होती.
सात वर्षांचा, वजन तिसरीतल्या दप्तराएवढं,
कानातून पू, मानेला गाठी.
बाप गेल्यावर आईला तपासलं,
आईवरून त्याला.
निदान उलट्या वाटेनं यायचं, मुलापर्यंत शेवटी.
माझ्याकडे येताना खिशात शिंपल्या आणायचा,
टेबलावर ओळीत मांडून म्हणायचा, मोज.
बावीस होत्या. बावीस अजून लक्षात आहेत.
किती इंजेक्शनं झाली, ते नाही.

ओरोसच्या सभेत पडद्यावर रेघ उतरत गेली,
दर वर्षी थोडी, ओहोटीसारखी नव्हे,
ओहोटी परत भरते.
साहेब म्हणाले, आता जवळपास नगण्य.
टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या, खऱ्याच.
चहा येईपर्यंत मी त्या शेवटच्या ठिपक्याकडे बघत होते,
शून्याच्या जरा वर अडकलेल्या.
तो कोणाच्या टाचेचा, मला माहीत होतं.
त्याची आई सातव्या महिन्यात पहिल्यांदा आली,
बोटीवरून बोटीवर फिरणाऱ्यांची,
नाव नीट सांगत नव्हती.
तो औषधावर आहे, बरा आहे, खोडकर आहे.
ठिपक्याला एवढं बोलता येत नाही.

कार्ड वाळलं. लालाचं तपकिरी झालं.
पिशवीत घातलं, सोबत दमट शोषणारे खडे,
आणि तो निळा तुकडा, जो ओल लागली की गुलाबी होतो.
दुपारच्या एसटीनं मुंबईला.
निकाल सतरा दिवसांनी आला. मी दोनदा वाचला,
दुसऱ्यांदा कारण नसताना.

दीड वर्षानं हेमलता परत आली, ठरल्या तारखेच्या आदल्या दिवशी.
मुलगा बाकाखाली शिरला, बाहेर येईना.
शेवटी मी माझा पेन दिला, त्यानं बोट दिलं.
तीन चाचण्या, तिन्हींत एकेकच रेघ.
फॉर्मवर नावाच्या जागी थांबले.
"स्वरूप," ती म्हणाली, "स्वरूप लिवा."

मग पिशवी आवरताना, माझ्याकडे न बघता:
"आणि माझ्यो गोळ्यो?"
तुझ्या चालूच.
तिनं मान हलवली. तीन महिन्यांची पाकिटं
जवळ्याच्या पुडीखाली सरकवली,
अर्धी पुडी माझ्या टेबलावर ठेवली,
आणि पोराला कडेवर घेऊन गेली.
पेन त्याच्याकडेच राहिला.