चौऱ्याऐंशी टक्के

मी गोळ्यांच्या वयाचा हिशोब ठेवते.
वेर्ण्याच्या कारखान्यात एक कपाट आहे, माणूस उभा मावेल एवढं,
आत चाळीस अंश, पंचाहत्तर टक्के दमट,
म्हणजे काणकोणचा मे महिना, फक्त बाराही महिने.
त्यात गोळ्या ठेवायच्या, सहा महिन्यांनी काढायच्या
आणि सही करून सांगायचं,
दोन वर्षांनी किती उरेल.

म्हणून कुणी गाडी दाखवली की मी रंग बघत नाही.
विचारते, उरलंय किती?

रोजचे ब्याण्णव किलोमीटर.
चार रस्ता, करमल घाट, बाळ्ळी, कुंकळ्ळी,
मडगावचा बगलरस्ता, नुवे, आणि संध्याकाळी तेच उलटं.
अकरा वर्षं दुसऱ्याच्या गाडीत मागे बसले,
दुसऱ्याची घाई, दुसऱ्याची काच वर की खाली.
नवी परवडत नव्हती.
पेट्रोलची परवडली असती, पण एकदाच.

फातोर्ड्याची पांढरी चकाचक होती.
भाड्याने फिरलेली; सीटच्या रुळात अजून किनाऱ्याची वाळू.
एजंट म्हणाला, बॅटरी सत्त्याण्णव टक्के, मॅडम,
एका चार्जमध्ये तीनशे बारा, कागदावर आहे.
उमाकांत वेळीप म्हणाला, कागदावर
आमच्या नळालाही चोवीस तास पाणी आहे.
मग सवयीने त्याने बॉनेटला कान लावला,
सत्तावीस वर्षं इंजिनं ऐकून दुखणं सांगणारा माणूस.
बराच वेळ तसाच वाकून राहिला.
"हिका आवाजूच ना गो," म्हणाला,
घरी बोलावून कुणी बोललंच नाही अशा चेहऱ्याने.
मी म्हटलं, घाटातून एकदा आणू?
एजंटला तेवढ्यात फोन आला.

निळी होती चिंचिणीला, चिकूखाली.
डाव्या दाराला पोचा, आरशाला चिकटपट्टी.
एर्मिलिंडा कुलासो, टपाल खात्यातून निवृत्त,
डोळ्यांनी आता रात्र दिसत नाही म्हणून विकतेय.
मीटरवाल्या पोराने वायर जोडून आकडा काढला: चौऱ्याऐंशी.
तिने मान हलवली. "माझ्या हिशोबाने पंच्याऐंशी,"
आणि आतून वही आणली.

शंभर पानी, वर तारांच्या फॉर्मसारखे रकाने आखलेले.
१४ मार्च. रात्री नऊ. बावीस ते ऐंशी. अकराला वीज गेली.
२ एप्रिल. पाव, आसोळणे.
९ एप्रिल. मयत, नुवे. येताना एसी बंद.
सहा वर्षं, एकही दिवस शंभराला भिडवलेली नाही,
एकही दिवस वीसच्या खाली उतरवलेली नाही.
आमच्यात म्हणतात, जे लिहिलं नाही ते घडलं नाही.
इथे सगळं घडलं होतं.

आणि एका पानावर, शाई जरा फुटलेली:
आज काही काम नाही. बेतूलपर्यंत. भरती होती.

मी घासाघीस करायला आले होते.
पोचा दाखवून पंधरा हजार कमी करणार होते.
पाच केले, तेही उमाकांत बघत होता म्हणून.

चौऱ्याऐंशीत माझे ब्याण्णव बसतात.
पावसाळ्यात वायपर, दिवे, काचेवरची वाफ धरून बसतात.
आणखी पाच वर्षांनी बसतील का,
ते सांगणारं कपाट माझ्याकडे आहे, पण गाडी त्यात मावत नाही.
मीही मावते, कधी आत गेले नाही.

गुरुदास पागी वायरिंग बघायला आला.
"अर्थिंग नाही तर अर्थ नाही, वहिनी."
माडाच्या आळ्याशेजारी खड्डा, तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ.
काय पुरतायत म्हणून शेजारीण कुंपणावरून डोकावली.

वही तिने गाडीबरोबरच दिली.
उरलेली पानं एकतीस.

सोमवार. वेर्णे आणि परत.
करमलच्या माथ्यावर एक्केचाळीस,
पाय उचलला, गाडी स्वतःच स्वतःला मागे ओढत उतरली,
खाली आल्यावर त्रेचाळीस.
दोनदा बघितलं. दुसऱ्या पेनने लिहिलं.
शेरा: आवाज नाही.
उमाकांतला कळवणे.