पडलंय

सुभेदारसाहेबांनी विचारलं, तेलुगू कुणाला येतं?
मी हात वर केला.
घरात तीच बोलतो साहेब,
साखर पेठेत आमची अर्धी गल्ली तीच बोलते.
मग तमिळही समजत असेल, ते म्हणाले,
आणि लान्स नायक येमुल
त्या दिवसापासून पलटणीचा दुभाषी झाला.
सत्त्याऐंशी साल. दिवाळी तोंडावर.

जाफन्याबाहेरचं एक घर.
ताडाच्या झावळ्यांचं कुंपण, झावळ्यांचंच फाटक,
दोरीवर टॉवेल वाळत घातलेला.
बोटं ऐकत नाहीत,
मी त्याची कन्नी उलटून पाहिली.
आपला नव्हता. वीणही सैल.
येमुल, कपडे काय बघतोस? बाईला विचार!

मी विचारलं, पिल्ललु एक्कड?
पोरं कुठायत?
यातला एक शब्द तिला लागला असावा.
तिनं तळहात गुडघ्याजवळ धरला,
मग कमरेशी,
मग स्वतःच्या खांद्याच्याही वर नेला,
तिथं थोडा वेळ तसाच धरला
आणि सोडून दिला.
मी साहेबांना सांगितलं, माहीत नाही म्हणते.

बाहेर पडणाऱ्यांत मी शेवटचा.
मागून ती म्हणाली,
पडलैयै सात्तुंगो.
दोनदा म्हणाली. ओरडून नव्हे,
शेजारणीला सांगावं तसं.
मला ऐकू आलं: पडलंय.
मी खिसे चाचपले.
पे-बुक होतं, पाण्याची बाटली होती,
मार्कंडेयाच्या देवळातला दोराही मनगटावर होता.
तिची शेळी आमच्या मागोमाग रस्त्यावर आली.

पुढच्या वळणावर बिराजदार गेला, अक्कलकोटचा.
त्याच्या पिशवीत शेंगाचटणी उरली होती,
रात्री ती आम्ही चौघांनी संपवली.
तिखट आहे, एवढंच कुणीतरी म्हणालं.

परत आलो तेव्हा गल्लीनं विचारलं,
सोन्याच्या लंकेतनं किती आणलंस बे?

यंत्रमागांच्या खडखडाटात मला झोप लागते.
वीज गेली, सगळे माग एकदम थांबले
की उठून बसतो.
पडलंय काहीतरी, म्हणत
चादर झटकतो, उशी उचलून बघतो.
बालामणी विड्यांचं सूप बाजूला सारते, विचारते,
काय हरवलं?
हे मला सांगता आलं असतं तर.

परवा बाजार समितीत, गेटवर माझी ड्युटी,
कांदा भरायला सेलमचा ट्रक आला.
काट्यासमोर रांग लांब. ड्रायव्हरला चहा पाजला
आणि पस्तीस वर्षांहून जास्त तोंडात धरलेलं वाक्य
त्याच्यापुढं ठेवलं.
तो हसला. मोडक्या हिंदीत म्हणाला,
सात्तुंगो म्हणजे बंद करा. लावून घ्या.
आणि पडलैयै?
त्यानं डोकं खाजवलं.
हे आमच्याकडचं नाही.
तिकडचं असेल, बेटावरचं.

म्हणजे पडलं काहीच नव्हतं.
मग काय लावून घ्या म्हणत होती?
तोंड? डोळे?
का ती अख्खी लढाईच?
पाळी संपेपर्यंत मी एकेक शब्द लावून पाहिला.

रात्री बालामणीला सांगितलं.
ती पानं कातरत होती,
मान वर न करता म्हणाली,
फाटक असेल. शेळी होती म्हणता ना?

इतकं साधं असतं
तर लावलं नसतं का मी.