दादो, दादी

उद्यमबागेत, तीन नंबरच्या शेडात
पेटी फोडली तेव्हा आत भुसा, तेलकट कागद
आणि पिशव्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या.
एका पिशवीत एकच मोठा नट : दादो.
दुसरीत बारके, यादीप्रमाणे चोवीस : दादी.
मोजले तर तेवीस.
बसवाणी म्हणाला, "भरमू, इटलीहून आज्जी आली बघ तुझी,
खरं दात एक कमी आहे."

मशीन बसवायला आलेला एत्तोरे
उभ्यानंच चहा प्यायचा.
त्याचं नि माझं इंग्रजी सारखंच मोडकं,
त्यामुळे आमचं आम्हाला नीट कळायचं.
चौथ्या दिवशी करंट गेला
आणि त्यानं खडू घेतला, मशीनच्या बेडवरच लिहू लागला :
शेवटी ओ असला की ई कर.
आ असला की ए कर.
ए असला, तरी ई.
वीते, वीती. एक स्क्रू, पुष्कळ स्क्रू.

म्हटलं, थांब, आमच्यातही असलंच काहीतरी आहे.
खिळा, खिळे. पाना, पाने.
फक्त आमचा आ गडी आहे,
तुमचा आ बाई.
त्यानं तीनदा म्हणून बघितलं, पाना, पाने,
आणि हातातल्या पान्याकडं असं बघितलं
की जसा तो आत्ताच बोलला.

बसवाणी म्हणाला, "एवढी कटकट कशाला?
आमच्यात मागं गळु लावायचं नि मोकळं व्हायचं.
नटगळु. स्क्रूगळु. करंट गेला की शिव्यागळु."

मग हात आला. मानो.
शेवटी ओ, तरी बाई.
नियम करणाऱ्याच्या हाताला
कधी ग्रीस लागलं नसणार.

मग बोट. दीतो.
एकटं असलं की तो.
जमली की दीता, सगळ्या त्या.
मी डावा हात बेडवर ठेवला.
चौऱ्याण्णव साल, पॉवर प्रेस, दुसरी पाळी,
करंगळीच्या शेजारचं.
त्यानं मोजली नाहीत. खडू खाली ठेवला.

म्हणजे माझ्या या चौघी इथं आहेत
आणि तो तिकडं,
प्रेसच्या खालच्या छाटणीत, कधीचा, एकटा.
आमच्यात बोट तोही नाही, तीही नाही.
ते.
ते गेलं.
गेलं म्हणताना मराठी
किती बिनतक्रार वाटते.

करंट आला. खडूवर कूलंट सांडलं.

जायच्या दिवशी त्याला पत्ता लिहून हवा होता.
मी गावाचं नाव लिहिलं.
बसवाणीनं ते खोडलं नाही,
शेजारी त्याचं लिहिलं.
एत्तोरेनं विचारलं, ही दोन शहरं का?
आम्ही दोघंही म्हणालो, एकच.
तेवढं एकदम म्हणालो.

तो हसला. शहराला ते चित्ता म्हणतात,
शेवटच्या आ वर जोर, लिहिताना वर एक तिरकी रेघ.
एक चित्ता, दोन चित्ता, शंभर चित्ता.
वर रेघ बसली की शब्द जागचा हलत नाही, म्हणाला,
कितीही झाले तरी.
बसवाणीनं माझ्याकडं बघितलं नाही,
मी त्याच्याकडं.
फाटकाबाहेर कंडक्टर ओरडत होता, बोगारवेस, बोगारवेस,
दोन्ही भाषांत तेवढंच.

महिन्यानं कुरिअरनं चोविसावा नट आला.
पाकिटावर गावाचं तिसरंच नाव,
त्यानं कानानं ऐकलेलं.
तोवर आमचा हरवलेला
भुशाच्या पोत्यात सापडला होता.
बारके चोवीस आवळून बसलेत मशीनला, दादी.
राहिलेला माझ्या डब्यात
चटणीच्या झाकणाखाली खुळखुळतो.
बायको विचारते, हे काय वो?
दादो, मी म्हणतो.
ती डबा परत घासायला घेते.